काकांचा डबा: स्मारक नाण्यांच्या मोलाचे एक प्रकरण

२०२५ च्या भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी कोथरूडहून काकूंचा फोन आला. "अरे, ह्यांची नाणी एकदा बघून जा. विकायची का ठेवायची ते तूच सांग. मला त्यातलं काही कळत नाही." ह्यांची म्हणजे काकांची. माझ्या वडिलांबरोबर ते पाटबंधारे खात्यात होते. २०२४ च्या पावसाळ्यात गेले. नाण्यांची गोडी मला त्यांनीच लावली. शाळेत असताना त्यांनी माझ्या तळहातावर १९८५ चे इंदिरा गांधींचे जाडजूड पाच रुपये ठेवले होते आणि "खर्च करू नकोस" एवढेच म्हणाले होते. ते नाणे अजून माझ्याकडे आहे. म्हणून हे काम मी घाईने उरकणार नव्हतो.

पुढे काही आठवडे जे झाले ते लिहून ठेवतो आहे, कारण अशी बरीच घरे मला माहीत आहेत. कपाटात निळ्या मखमलीच्या डब्या, सोबत टांकसाळीच्या पावत्या, आणि संग्राहक गेल्यावर घरच्यांना पडलेला प्रश्न: याचे नेमके किती?

डब्यात काय होते

नाणी दोन ठिकाणी होती. एक फराळाचा स्टीलचा डबा, त्यात प्लास्टिकच्या खिशांचे तीन अल्बम आणि काही सुटी नाणी. दुसरीकडे लोखंडी कपाटाच्या तिजोरीत ओळीने लावलेल्या डब्या, टांकसाळीतून बुक करून मागवलेल्या.

अल्बममध्ये चलनातून मिळालेली स्मारक नाणी होती, म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या किंवा प्रसंगाच्या आठवणीसाठी काढलेली. १९६४ चा नेहरूंचा रुपया, म्हणजे स्वतंत्र भारताच्या स्मारक नाण्यांची सुरुवात. १९८२ च्या नवव्या आशियाई खेळांचे पंचवीस पैसे आणि दोन रुपये. १९९० चा डॉ. आंबेडकरांचा रुपया. १९९९ चे छत्रपती शिवाजी महाराजांचे अकरा कोनी दोन रुपये, त्याच सालचा संत ज्ञानेश्वरांचा स्टीलचा रुपया. २००२ चे संत तुकारामांचे दोन रुपये, २००७ चे लोकमान्य टिळकांचे पाच रुपये. मग २०१० सालच्या आयकराच्या दीडशे वर्षांचे पाच रुपये आणि २०१२ चे वैष्णोदेवीचे पाच आणि दहा.

डब्यांमध्ये चांदी होती. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीचे १००० रुपयांचे नाणे, टागोरांचे १५० रुपये, डॉ. आंबेडकरांचे २०१५ चे १२५ रुपये, आणि काकांची शेवटची खरेदी, संसद संकुलाचे ७५ रुपये. हे नाणे २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला निघाले.

या सगळ्यांपासून वेगळे, देवघरातल्या चांदीच्या वाटीत, गांधीजींचे १९६९ चे दहा रुपये होते. त्यावर हळदीकुंकू होते. चारच दिवसांपूर्वीच्या लक्ष्मीपूजनाचे.

लाखांची आशा

मी बसल्याबसल्या काकूंच्या नातवाने मोबाइल पुढे केला. एका व्हिडिओत वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात असे छातीठोकपणे सांगितले होते. "आपल्याकडे तीन आहेत, दादा," तो म्हणाला. व्हिडिओखालच्या नंबरवर त्याने संपर्क साधला होता आणि समोरच्याने 'नोंदणी शुल्क' म्हणून यूपीआयवरून पैसे मागितले होते. त्याने ते भरलेही होते. मग 'करा'चे पैसे मागितले, तेव्हा त्याला शंका आली.

ही फसवणूक जुनी आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच लोकांना सावध केले होते. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही, असे कोणतेही शुल्क किंवा कमिशन आपण मागत नाही, असे बँकेने स्पष्ट म्हटले होते. तरी दर सणाला ही लाट नव्याने येते, कारण ही नाणी खरोखर घराघरात असतात. वैष्णोदेवीची नाणी चलनासाठीच काढली होती आणि भरपूर काढली होती. वापरलेले नाणे आज दुकानदार पाच रुपयांनाच घेईल. संग्राहक कोऱ्या, चकाकत्या नाण्याला थोडे जास्त देईल, इतकेच. नातवाचा चेहरा उतरला. सायबर गुन्ह्यांची १९३० ही मदतवाहिनी त्याला लावून दिली आणि तक्रार नोंदवायला लावली.

त्यातून काकूंची आणखी एक भीती बाहेर आली. २०१६ च्या नोव्हेंबरात हजाराची नोट बंद झाली तेव्हापासून त्यांना वाटत होते की तंजावरचे हजाराचे नाणेही बाद झाले. काकांना विचारायचा धीर झाला नव्हता, "उगीच जिवाला लावून घेतील म्हणून." मी सांगितले, ती बंदी नोटांवर होती, नाण्यावर नाही. २०११ च्या नाणे कायद्यानुसार सरकार हजार रुपयांपर्यंतचे नाणे काढू शकते आणि हे नाणे त्या मर्यादेच्या अगदी टोकाला आहे. उलट आशियाई खेळांचे पंचवीस पैसे मात्र खरेच बाद आहेत. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. काकूंनी नऊ वर्षे मनात ठेवलेली गोष्ट एका वाक्यात सुटली आणि त्या चहा टाकायला उठल्या.

तिघांना बोलावले

एकट्याने निर्णय घ्यावा असे मला वाटले नाही. पुढच्या रविवारी मी तिघांना काकूंकडे नेले. एक माझ्या ओळखीचे सराफ, आता दुकान मुलाकडे दिलेले, स्वतः चाळीस वर्षांचे संग्राहक. दुसऱ्या चित्रकला शिकवणाऱ्या बाई. नाण्यांवरची चित्रे हाच त्यांचा विषय. तिसरा एक तरुण इंजिनिअर, प्रूफ नाण्यांच्या, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या नाण्यांच्या मागे लागलेला, पुण्या-मुंबईचे एकही प्रदर्शन न चुकवणारा. टेबलावर पांढरी चादर टाकली, हातमोजे घातले, आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी कोणी उठले नाही.

सराफांनी आधी वजनकाटा काढला. त्यांचा हिशेब सरळ होता. चांदी तेव्हा किलोला दीड लाखाच्या घरात होती, म्हणून हिशेबाला सोपा पडावा असा ग्रॅमला दीडशेचा भाव धरला. संसद संकुलाचे नाणे ३५ ग्रॅमचे, ४४ मिलिमीटर व्यासाचे. त्यात चांदी निम्मी. बाकी ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. म्हणजे शुद्ध चांदी साडेसतरा ग्रॅम, भाव २६२५ रुपये. टागोर आणि आंबेडकरांचे नाणे याच मिश्रधातूचे आणि याच वजनाचे, म्हणून किंमतही तीच. तंजावरचे नाणे ३५ ग्रॅमचेच, पण त्यात चांदी ८० टक्के. तिचे २८ ग्रॅम, ४२०० रुपये. गांधीजींचे दहा रुपये १५ ग्रॅमचे आणि ८० टक्के चांदीचे. १२ ग्रॅम, १८०० रुपये.

"पण हा भाव कागदावरचा," सराफ म्हणाले. "पन्नास टक्क्यांचा माल कुठलाही सराफ घट कापूनच घेणार. आणि नाणं वितळवणं कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे या चांदीला भाव आहे, पण ती चांदी म्हणून विकताच येत नाही."

हा मुद्दा बहुतेक खरेदीदारांच्या ध्यानात येत नाही. नाणे कायद्यात 'नाणे' या शब्दात स्मारक नाणेही येते, आणि नाणे वितळवायला, नष्ट करायला मनाई आहे. तेव्हा चांदीचा भाव हा अशा नाण्याच्या किमतीचा तळ मानायचा असेल, तर तो नाणे म्हणून घेणारे गिऱ्हाईक मिळत असेल तोवरच.

मग मी पावत्या काढल्या. काकांनी एकही टाकली नव्हती. २०२३ च्या मे महिन्यात चांदी किलोला साधारण बहात्तर हजारांच्या आसपास होती. त्या भावाने संसदेच्या नाण्यात सुमारे १२६० रुपयांची चांदी होती आणि काकांनी मोजलेली रक्कम त्याहून बऱ्याच वर होती. त्या रविवारी नाणे 'वाढलेले' दिसत होते ते चांदी दुपटीवर गेल्यामुळे. त्याच पैशांची त्या दिवशी नुसती चांदी घेतली असती, तर साडेसतरा ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त हाती आली असती. काकूंसमोर हे बोलणे मला जड गेले. काकांनी ते नाणे फायद्यासाठी घेतले नव्हते हे मला ठाऊक आहे. पण विकायचे की ठेवायचे हे ठरवायला बसलेल्या माणसाला हा आकडा कळलाच पाहिजे.

दर्शनी किंमत की नुसता आकडा?

इथून खरी चर्चा सुरू झाली. इंजिनिअरला प्रूफ नाण्यांचे अतोनात प्रेम आहे, आणि ते रास्त आहे. आरशासारख्या घासलेल्या चकतीवर, पॉलिश केलेल्या ठशाने एकाहून जास्त वेळा दाब देऊन पाडलेले नाणे, मोकळ्या जागेत आपला चेहरा दिसावा आणि मधले चित्र दुधी उमटावे, हे हातात घेतल्यावर मन हरखतेच. पण तोही म्हणाला, "मला एकच खुपतं. पंचाहत्तर, एकशे पंचवीस, साडेतीनशे, पाचशे पंचवीस… हे रुपये आहेत की वाढदिवस?"

त्याचे म्हणणे असे. आयकराला दीडशे वर्षे झाली, १५० चे नाणे. टागोरांची दीडशेवी जयंती, १५० चे. गुरू गोविंदसिंहांचे ३५०, मीराबाईंचे ५२५, रिझर्व्ह बँकेचे ९०, २०२५ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे ३००. आकडा वर्षांवरून ठरतो. त्याचा नाण्यातल्या धातूशी, विक्रीच्या किमतीशी, बाजारातल्या देवघेवीशी कशाशीच मेळ नाही. ७५ रुपयांचे नाणे कोणी पंचाहत्तर रुपयांच्या भाजीला देणार नाही, आणि ते सरकारकडूनही पंचाहत्तरला मिळत नाही.

सराफांनी तेव्हा देवघरातली वाटी मागवली. गांधीजींचे नाणे टेबलाच्या मधोमध ठेवले. "हे दहा रुपयांचं नाणं दहा रुपयांनाच मिळायचं. बँकेत. माझ्या वडिलांनी पगारातून घेतलं होतं." आत चांदी होती आणि तिची किंमत तेव्हा दहा रुपयांच्या आत होती, म्हणून तो आकडा खरा होता. पुढे चांदी चढली तशी ही नाणी लोकांनी घरात ठेवून दिली. १९६९ चे नाणे आणि २०२३ चे नाणे दोन्ही चांदीची, दोन्ही स्मारके. पण एकावर सरकारने आपला शब्द लिहिला आहे आणि दुसऱ्यावर प्रसंगाची संख्या. माझे मत मी तिथेच मांडले आणि इथेही मांडतो: दर्शनी किंमत, म्हणजे नाण्यावर लिहिलेला आकडा, ही नाण्याची बोली असते. ती विक्रीच्या किमतीपासून तुटली की उरते ते सुंदर पदक. पदकातही कला असते, त्याला मी कमी लेखत नाही. पण पदकाचा भाव पदकासारखा ठरतो. ते ज्यांना हवे असते ते मोजके लोक ते पहिल्याच दिवशी घेऊन मोकळे होतात.

इंजिनिअरने एक बाजू भक्कमपणे लावून धरली, ती नोंदवली पाहिजे. १ एप्रिल २०२४ रोजी मुंबईत निघालेले रिझर्व्ह बँकेचे ९० रुपयांचे नाणे ४० ग्रॅमचे आणि ९९.९९ टक्के शुद्ध चांदीचे आहे. निम्म्या चांदीचे मिश्रण काळवंडते, डागाळते, सराफाकडे त्याला मान नाही, ही संग्राहकांची कित्येक वर्षांची तक्रार होती. शुद्ध चांदी आल्यावर निदान धातूबाबत घेणाऱ्याच्या मनात किंतू राहत नाही. हे पाऊल चांगलेच आहे.

बाईंचे भिंग

चित्रकलेच्या बाई तासभर गप्प होत्या. एकेक नाणे भिंगाखाली धरून वहीत रेघा ओढत होत्या. मग त्यांनी संसदेचे नाणे आणि आयकराचे पाच रुपये शेजारी ठेवले.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "यात एक इमारत आहे. वर हिंदी, खाली इंग्रजी, आणि साल. इमारत ओळखू येते. कोरलीही नीट आहे. पण ती फोटोसारखी आहे. तिथं जाऊन उभं राहिल्यावर काय वाटतं, ते यात नाही. आणि हे पाच रुपयांचं बघा."

आयकराच्या नाण्यावर चाणक्य आहे, आणि कमळ आणि मधमाशी आहे. भुंग्याने फुलाला इजा न करता मध घ्यावा तसा राजाने प्रजेकडून कर घ्यावा, हा आपल्याकडचा जुना दाखला. कर भरण्यासारख्या रुक्ष विषयाला कोणी तरी हे चित्र सुचवले आणि सरकारने ते पाच रुपयांच्या नाण्यावर देशभर फिरवले. बाईंच्या मते गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या नाण्यांत इतका विचार फार थोड्यांत दिसतो. मला ते पटले. ते नाणे माझ्या हातून शंभर वेळा गेले असेल, पण मधमाशी मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली.

बाईंची मुख्य तक्रार गर्दीची होती. पुढच्या बाजूला सिंहशीर्ष, सत्यमेव जयते, भारत, इंडिया, रुपयाचे चिन्ह आणि आकडा. मागे चित्र आणि त्याभोवती दोन लिपींत मजकूर. एवढे सगळे बसवायचे म्हणजे चित्राला जागा उरतच नाही. थोर व्यक्तींचे चेहरे बहुधा एखाद्या प्रसिद्ध छायाचित्रावरून जसेच्या तसे उतरवलेले असतात. गांधीजींच्या नाण्यावर मात्र एका बाजूने दिसणारे डोके, नाव आणि १८६९–१९४८. बाकी मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेमुळेच ते हळदीकुंकवाखालूनही ओळखू येते.

यावर सराफांनी खिशातून एक शिवराई काढली. तांब्याची, झिजलेली. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति', कडेने ठिपक्यांचे वर्तुळ. महाराजांचा चेहरा नाही, सिंहासन नाही, काही नाही. अक्षरे हेच चित्र. बाईंनी ती दोन बोटांत धरून कितीतरी वेळ पाहिली आणि १९९९ च्या दोन रुपयांच्या शेजारी ठेवली. दोन रुपयांच्या नाण्यावर जिरेटोपातली अर्धप्रतिमा आहे आणि मराठी घरांत ते नाणे लोकांनी देवासारखे जपले, याचा मला आनंदच आहे. तरी कलाकृती म्हणून दोन्हींतले कोणते उजवे हे त्या टेबलाभोवती कोणाला सांगावे लागले नाही.

आणखी एक गोष्ट बाईंनी विचारली तिचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते. "हे कोरलं कोणी?" आपल्या आजच्या नाण्यांवर कलाकाराची खूण नसते. १८४० च्या व्हिक्टोरियाच्या रुपयावर राणीच्या मानेखाली विल्यम वायनची दोन बारीक आद्याक्षरे आहेत आणि पावणेदोनशे वर्षांनंतरही संग्राहक ती भिंगातून शोधतात. टांकसाळीत आजही ठसे कोरणारी माणसे आहेत, त्यांच्या हाताचे काम आपण विकत घेतो, पण नाव आपल्याला ठाऊक नसते. टांकसाळीने डबीतल्या माहितीपत्रकावर एवढी एक ओळ छापली तरी या नाण्यांकडे बघण्याची लोकांची नजर बदलेल असे मला मनापासून वाटते.

डिझाइनचा भावावर परिणाम होतो का, असा काकूंनी मध्येच प्रश्न केला. होतो, कधी कधी उलट्या दिशेनेही. १९११ साली पंचम जॉर्जचा नवा रुपया आला. राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, नाणी परत घेतली, आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरून नवा रुपया काढला. तो १९११ चा 'डुकराचा रुपया' आज त्या काळच्या इतर रुपयांपेक्षा जास्त भावाने जातो, कारण तो थोडाच उरला आणि त्याला सांगण्यासारखी गोष्ट आहे.

किती पाडली?

इंजिनिअरचा सगळ्यात मोठा आक्षेप संख्येवर होता, आणि मला वाटते व्यवहाराच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. डबीत मिळणाऱ्या स्मारक नाण्यांची शेवटी किती नगे निघाली, हे घेणाऱ्याला सहज कळत नाही. विकणारा "मर्यादित" म्हणतो. मर्यादा किती ते कळल्याशिवाय दुर्मीळपणावर पैसे कसे लावायचे?

ब्रिटनमधले एक उदाहरण आमच्यात नेहमी निघते. २००९ मध्ये तिथे लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पतीबागेच्या अडीचशे वर्षांनिमित्त पन्नास पेन्सचे नाणे निघाले. वर बागेतला चिनी पॅगोडा आणि त्याला वेटाळणारी वेल. चलनात सोडलेली नाणी फक्त २ लाख १० हजार, आणि हा आकडा टांकसाळीने जाहीर केला. मग लोक सुट्या पैशांत ते शोधू लागले. पन्नास पेन्सचे साधे तांबे-निकेलचे नाणे शंभर पौंडांच्या वर विकले जाऊ लागले. त्यात ना चांदी, ना मखमल. देखणे चित्र, माहीत असलेली संख्या, आणि कोणाच्याही खिशात निघू शकेल ही शक्यता.

आपल्याकडे चलनातल्या स्मारक नाण्यांची संख्या मोठी, म्हणून भाव नाही. डबीतल्यांची छोटी, पण ती पुरेशी माहीत नाही आणि ती कोणाच्या खिशात निघण्याची शक्यताच नाही. चलनातल्या नाण्यांत निवड करायची असेल तर सालाखालची टांकसाळीची खूण पाहावी लागते: मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला काहीच नाही. एखादे नाणे एका टांकसाळीचे ढिगाने आणि दुसऱ्या टांकसाळीचे क्वचित असे सापडते, आणि तिथे खरी शोधाशोध असते. काकांनी ती पाच दशके केली.

चिंच आणि प्लास्टिक

आता एक वाईट भाग. गांधीजींचे नाणे दर लक्ष्मीपूजनाला काकूंनी चिंचेने आणि भांडी घासायच्या पावडरीने चकचकीत केले होते. भिंगाखाली त्यावर केसासारख्या हजारो रेघा दिसत होत्या. संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे जास्तीचे मोल गेले, उरली ती चांदी. बाईंनी माझ्याकडे पाहिले, मी सराफांकडे. सराफ काकूंना म्हणाले, "वहिनी, हे पूजेचं नाणं आहे. हे विकायचं नाही, म्हणजे हिशेबातच धरायचं नाही." मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

अल्बमची स्थिती अशीच होती. स्वस्त प्लास्टिकचे खिसे पीव्हीसीचे असतात. वर्षे गेली की त्यातून चिकट हिरवट लेप सुटतो आणि नाणे खाऊ लागतो. नेहरूंचा रुपया वाचला होता, पण आशियाई खेळांचे दोन रुपये, तुकारामांचे एक आणि आणखी तीन नाणी हिरवी पडली होती. ज्यांच्या घरी असे अल्बम आहेत त्यांनी ते आजच उघडून बघावेत. लेप ओला असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये नाणे काही वेळ बुडवून ठेवायचे, खिडक्या उघड्या, जवळ ज्योत नाही, न घासता. नंतर ते मायलरच्या, म्हणजे पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकच्या खिशात किंवा कागदी चौकटीत ठेवायचे. नखांचे पॉलिश काढायचे द्रव वापरू नये, त्यात तेल आणि रंग असतो.

वही

डब्याच्या तळाशी, अल्बमखाली, दोनशे पानी वही होती. काकूंना ती किराण्याची वाटली होती. त्यात चार रकाने: तारीख, नाणे, खूण, कुठून मिळाले. चलनातल्या प्रत्येक स्मारक नाण्याची नोंद. 'आंबेडकर १ रु., हिरा, मंडईतला कांदेवाला.' 'ज्ञानेश्वर १ रु., आळंदीहून येताना, एसटी.' 'तुकाराम २ रु., पीएमटी कंडक्टर, स्वारगेट. दोन मागितली, एकच दिले.' 'टिळक ५ रु., केसरीवाड्यासमोर, पेपरवाल्याकडून. तो म्हणाला ठेवा, तुमच्याचकडे शोभेल.'

इंजिनिअर वाचत गेला आणि मग त्याने वही मिटून हातातच धरली. डबीतल्या नाण्यांच्या पावत्यांवर रक्कम होती आणि ग्राहक क्रमांक होता. इथे पुणे शहर होते. तो काकूंना म्हणाला, "वही आणि ही नाणी वेगळी करू नका. एकत्र असली तरच त्यांना अर्थ आहे." विशेष म्हणजे त्या दिवशी टेबलावर दोघांनी स्वतःहून काही विकत मागितले, ते या अल्बमसाठी, आणि दोघांनीही वहीसकट. चांदीच्या डब्यांना कोणी घाईने हात लावला नाही.

शेवटी काय ठरले

काकूंनी तीन दिवस विचार केला आणि निर्णय त्यांचा त्यांनी घेतला. टागोर आणि तंजावरची प्रूफ नाणी, डबी आणि पावतीसह, इंजिनिअरने घेतली. चांदीच्या भावाहून थोडी वर रक्कम देऊन, सराफांच्या साक्षीने. आंबेडकरांचे १२५ रुपये काकूंनी त्यांच्याकडे वीस वर्षे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंना दिले. ताई दर सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जातात. त्यांनी नाणे कपाळाला लावले आणि डबीसकट पिशवीत ठेवले. संसदेचे नाणे विकू नये असे मी सुचवले. चांदी कुठेही गेली तरी आज देणारा माणूस फक्त काटाच पाहील, आणि काकांनी स्वतः निवडलेले ते शेवटचे नाणे आहे. ते तिजोरीतच राहिले.

अल्बम आणि वही नातवाकडे गेली. लाखांच्या व्हिडिओमुळे हिरमुसलेला तो मुलगा आता रोज रात्री एक पान वाचतो आणि सुट्या पैशांतून खुणा शोधतो. परवा त्याने वहीत पहिली नोंद केली. नाणे साधेच, चालू, हैदराबादच्या ताऱ्याचे. रकाना भरण्याआधी त्याने मला फोन करून विचारले, "दादा, कुठून मिळालं यात रिक्षावाला लिहू की रिक्षावाले काका?"

हिरवी पडलेली पाच नाणी माझ्याकडे आहेत. तीन साफ झाली. तुकारामांच्या दोन रुपयांवरचा लेप अजून निघत नाही, अ‍ॅसिटोनमध्ये आणखी दोनदा ठेवून बघतो. संक्रांतीला ती काकूंकडे परत द्यायची आहेत.